प्राण्यांच्या शरीरात आवाज नेमका कोठे तयार होतो?

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गोठ्यात गाय हंबरते, पहिल्या पावसानंतर बांधावर बेडूक ओरडू लागतात, बागेत रात्रभर रातकिडे किरकिरतात आणि नदीच्या बाजूने पक्ष्यांचा कलकलाट येतो. या सर्वांच्या घशात एकाच प्रकारचे यंत्र असते का, पोपटाला बोलता येते तर गाईला का येत नाही, आणि जनावराचा आवाज बदलला तर तो आजार समजावा का? नाशिक जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून काम करताना या तिन्ही गोष्टींशी माझा सतत संबंध आला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

यंत्र एक नाही. गाय, कुत्रा, बिबट्या, वटवाघूळ आणि माणूस यांचे स्वरयंत्र एकाच घडणीचे आहे आणि बेडकाचे त्याच्या जवळचे आहे. पक्ष्यांचे मात्र पूर्णपणे वेगळे असून ते घशात नव्हे, तर छातीत असते. रातकिड्याला फुप्फुसेच नाहीत, त्यामुळे त्याच्या आवाजाचा श्वासाशी काहीही संबंध नाही. या सगळ्या विविधतेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते: केवळ आवाजासाठी घडलेला अवयव फार थोड्या प्राण्यांजवळ आहे. बहुतेकांनी श्वास घेण्याच्या, गिळण्याच्या, उडण्याच्या किंवा तरंगण्याच्या अवयवाकडूनच हे काम करून घेतले आहे. त्यामुळे आवाज कानावर पडला की शरीराचा कोणता भाग हलतो आहे हे ओळखता येते आणि तो भाग बिघडला तर आवाजातूनच त्याची पहिली चाहूल लागते. जनावर तपासताना मी आधी ऐकतो आणि मग हात लावतो, त्याचे कारण हेच आहे.

सस्तन प्राण्यांपासून सुरुवात करू. स्वरयंत्राचे मूळ काम आवाज काढणे हे नाही. अन्नाचा आणि हवेचा मार्ग घशात जेथे एकमेकांना ओलांडतो, तेथे चाऱ्याचा किंवा पाण्याचा कण फुप्फुसात जाऊ नये म्हणून असलेली ती झडप आहे. शवविच्छेदनात गाईचे स्वरयंत्र उभे कापून उघडले की कूर्चांच्या चौकटीच्या आत दोन्ही बाजूंना पांढरट, ओलसर, जाडसर घड्या दिसतात; त्याच स्वरपट्ट्या. घोड्यात आणि कुत्र्यात या पट्ट्यांच्या शेजारी एकेक लहान कप्पा असतो, गाई-म्हशींत तो नसतो. जनावर श्वास घेते तेव्हा पट्ट्या एकमेकींपासून दूर सरतात, गिळताना घट्ट मिटतात आणि आवाज काढताना जेमतेम टेकतील इतक्या जवळ येतात.

अशा टेकलेल्या पट्ट्यांना फुप्फुसातून येणारी हवा खालून ढकलून उघडते. हवा निसटताच तेथील दाब उतरतो आणि पट्ट्यांचा स्वतःचा लवचीकपणा त्यांना पुन्हा मिटवतो. हे चक्र प्राण्यानुसार सेकंदाला दहा-वीस वेळांपासून हजारो वेळांपर्यंत चालते. फुगवलेल्या फुग्याचे तोंड दोन्ही हातांनी ताणून हवा सोडली की जो आवाज निघतो, तो याच तत्त्वाने निघतो. पट्टीच्या प्रत्येक कंपनासाठी मेंदूकडून स्नायूला स्वतंत्र आदेश जातो, अशी उपपत्ती १९५० मध्ये फ्रान्समध्ये मांडली गेली होती. नेदरलँड्सचे यानविलेम फान डेन बर्ग यांनी १९५८ मध्ये हवेचा प्रवाह आणि उतींचा लवचीकपणा यांच्या आधारे तिला उत्तर दिले आणि आज तेच स्पष्टीकरण सर्वत्र मान्य आहे. मेंदू पट्ट्यांचा ताण आणि त्यांच्यातील अंतर ठरवतो. कंपन हवेमुळे होते.

याचा अतिशय स्पष्ट पुरावा हत्तीने दिला. हत्तीचे काही आवाज २० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने) खाली, म्हणजे माणसाच्या कानाच्या आवाक्याच्या खाली असतात आणि ते दूरच्या कळपापर्यंत पोहोचतात. हे आवाज स्नायूंच्या एकेका आकुंचनातून निघतात की हवेमुळे, हा वाद होता. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात नैसर्गिकरीत्या मरण पावलेल्या एका हत्तीचे स्वरयंत्र व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेत नेऊन त्यातून उष्ण, दमट हवा सोडली, तेव्हा मेंदू नाही, मज्जातंतू नाही, तरीही तोच खोल आवाज निघाला. हे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच परंपरेतील संशोधकांनी २०२३ मध्ये मांजराच्या गुरगुरण्याबद्दलही असेच दाखवून दिले. मांजराएवढ्या लहान प्राण्याने २५ ते ३० हर्ट्झचा इतका खोल आवाज कसा काढावा, हे कोडे होते. असाध्य आजारामुळे दयामरण दिलेल्या मांजरांच्या स्वरयंत्रांत स्वरपट्टीच्या आत संयोजी ऊतीच्या लहान गाद्या आढळल्या. त्यांच्यामुळे पट्टी जड होते आणि सावकाश हलते. मांडीवर बसून गुरगुरणाऱ्या मांजराच्या गळ्याला बोट लावले, तर हे कंपन बोटाला जाणवते.

पट्टी जितकी लांब आणि जड, तितका आवाज खोल, हा साधा नियम बहुतेक ठिकाणी लागू पडतो. प्रौढ पुरुषाची स्वरपट्टी दोन सेंटीमीटरच्या आसपास असते आणि ती सेकंदाला शंभर ते सव्वाशे वेळा हलते. हत्तीची पट्टी दहा सेंटीमीटरच्या जवळपास असते. मात्र स्वरयंत्रातून निघालेला कच्चा आवाज घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळीतून बाहेर येतो आणि ती पोकळी काही सुरांना उठाव देते, काहींना दाबते. तोंड मिटले की हीच पोकळी बदलते. ब्रिटनमध्ये वासरांसह मोकळ्या चरणाऱ्या गाईंवर झालेल्या अभ्यासात असे आढळले की वासरू जवळ असताना गाय तोंड मिटून किंवा जेमतेम उघडून सुमारे ८१ हर्ट्झचा खोल हुंकार देते, आणि वासरू नजरेआड झाले की तोंड उघडून सुमारे १५३ हर्ट्झवर मोठ्याने हंबरते. शिवाय प्रत्येक गाईचा आवाज वेगळा ओळखता येतो. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात डांगी गाई चारणाऱ्या कोणत्याही गुराख्याला ही गोष्ट सांगावी लागत नाही. धुक्यात जनावर दिसत नसले तरी कोणती गाय कोणासाठी ओरडते आहे हे तो सांगतो.

आपल्या जिल्ह्यात उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी ऐकलेला बिबट्याचा आवाज हा त्याच यंत्राचा आणखी एक नमुना आहे. तो ‘खर्र-खर्र’ असा तुटक, एकामागून एक येणारा असतो आणि त्यात श्वास आत जातानाही आवाज होतो, बाहेर येतानाही. सिंह, वाघ, जग्वार आणि बिबट्या हे चौघे मोठा आवाज काढू शकतात, कारण त्यांच्या जिभेच्या मुळाशी असलेले हायॉइड हाड पूर्ण कठीण झालेले नसते, असे बरीच वर्षे शिकवले जात होते. परंतु हिमबिबट्याचे हाडही तसेच लवचीक असूनही तो गर्जना करत नाही, त्यामुळे हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. पुढे सिंह-वाघांच्या स्वरपट्ट्या तपासल्या, तेव्हा त्या आतील चरबीमुळे सपाट आणि चौकोनी झालेल्या आढळल्या. अशा पट्ट्या कमी दाबातही मोठा आवाज देतात. सिंहाची गर्जना आठ किलोमीटरवर ऐकू जाते ती या घडणीमुळे, असे मला वाटते. हाडाचे महत्त्व दुय्यम आहे. आत-बाहेर अशा दोन्ही श्वासांवर आवाज काढणारा दुसरा प्राणी म्हणजे गाढव. त्याच्या ओरडण्याचा चिरका भाग श्वास आत ओढताना आणि जाड भाग सोडताना येतो.

वटवाघळाबद्दल अनेकांची कल्पना अशी असते की त्याचा प्रतिध्वनीचा आवाज पंखातून येतो. तसे नाही. जुन्या वाड्यांच्या फटीत राहणाऱ्या लहान पाकोळ्यांचे स्वरयंत्र गाईच्याच घडणीचे असते. फक्त त्यातील पट्ट्यांची कडा अतिशय पातळ असते आणि आवाज २०,००० हर्ट्झच्या वर गेल्यामुळे आपल्याला ऐकू येत नाही. किड्यावर झडप घालताना पाकोळी हे आवाज इतक्या वेगाने काढते की तिच्या स्वरयंत्राचे स्नायू सेकंदाला २०० वेळांपर्यंत आकुंचन पावू शकतात. सस्तन प्राण्यांत इतके वेगवान स्नायू प्रथम तेथेच सापडले. झाडावर उलटी लटकणारी फळे खाणारी मोठी वटवाघळे मात्र प्रतिध्वनीवर उडत नाहीत, डोळ्यांवर आणि वासावर अवलंबून असतात. त्यांच्यातील गुहांत राहणाऱ्या एका गटाने जिभेने टकटक करून प्रतिध्वनी ऐकण्याची स्वतंत्र सोय केली आहे.

आता पक्षी. माझ्या दृष्टीने या संपूर्ण विषयातील सर्वांत सुंदर यंत्र पक्ष्यांचे आहे. पक्ष्यांनाही घशात स्वरयंत्र असते, परंतु ते केवळ झडपेचे काम करते. आवाज निघतो तो श्वासनलिका खाली जाऊन दोन फुप्फुसांकडे जेथे दुभंगते, त्या फाट्यावर असलेल्या सिरिंक्स नावाच्या अवयवातून. हा अवयव पक्ष्यांशिवाय कोणाजवळही नाही आणि सुरुवातीला सांगितलेल्या नियमाचा तो मोठा अपवाद आहे, कारण आवाजाव्यतिरिक्त त्याला दुसरे काम असल्याचे दिसत नाही. त्याच्याभोवती हवेची एक पिशवी असते आणि तिच्या दाबाशिवाय तो नीट वाजत नाही. अंटार्क्टिकात सापडलेल्या, बदकांच्या नात्यातील व्हेगाविस या पक्ष्याच्या जीवाश्मात सिरिंक्सची वलये टिकून राहिल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तो पक्षी साडेसहा कोटी वर्षांहून जुना, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातील आहे.

फाट्यावर असण्याचा फायदा असा की गाणाऱ्या पक्ष्यांत डावी आणि उजवी अशी दोन स्वतंत्र ध्वनिस्थाने मिळतात. पक्षी दोन्ही बाजू एकदम वाजवू शकतो, एकाच श्वासात एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाऊ शकतो किंवा एक बंद ठेवू शकतो. पावसाळ्यात इगतपुरीच्या बाजूला ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गातो, तेव्हा त्याच्या सुरांच्या उड्या ऐकून एका गळ्यातून हे कसे निघते याचे आश्चर्य वाटते. कॅनरी पक्षी तर सेकंदाला तीसपर्यंत स्वरखंड म्हणताना दोन खंडांच्या मधल्या क्षणी लहानसा श्वास भरून घेतो, म्हणून त्याचे गाणे अखंड चालू राहते.

नांदूरमध्यमेश्वरला, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील पाणथळीत, हिवाळ्यात ही सगळी विविधता एकाच सकाळी ऐकता येते. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून तिची ओळख आहे, परंतु आवाजाच्या अभ्यासासाठीही ती तितकीच मोलाची आहे. क्रौंच आकाशातून जाताना दिसण्याच्या बराच आधी ऐकू येतो, कारण त्याची श्वासनलिका लांबलचक असून तिची वेटोळी उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या हाडाच्या, आत शिरलेली असतात. त्याच पाण्यात उभा असलेला चित्रबलाक जवळजवळ मुका आहे. बलाकांच्या सिरिंक्सला हलवणारे स्नायू नीट विकसित झालेले नसल्यामुळे प्रौढ पक्षी वरची आणि खालची चोच एकमेकींवर आपटून खडखडाट करतो आणि त्यावरच त्याचे घरट्यावरील संभाषण चालते. हिवाळ्यात चिखलात दबून बसणारा पाणलावा उत्तरेकडे विणीच्या प्रदेशात परतला की उंचावरून सूर मारताना शेपटीची बाहेरची पिसे पसरतो आणि वाऱ्याने ती पिसे घुमतात. हा आवाज कंठातून येत नाही. येवल्याच्या ममदापूरकडील माळावर मोर नाचताना पिसारा सेकंदाला सुमारे २५ वेळा थरथरवतो, त्याची सळसळ जवळून ऐकू येते, तर त्याचा केकारव सिरिंक्समधून येतो. एकाच पक्ष्याजवळ दोन वाद्ये असणे मुळीच दुर्मीळ नाही.

होला आणि पारवा घुमतात तेव्हा त्यांची चोच बंद असते, हे अंगणात बसूनही पाहता येते. हवा बाहेर न सोडता ते गळ्याची पिशवी फुगवतात आणि आवाज कातडीतून बाहेर पडतो, म्हणून तो जाड आणि दिशाहीन वाटतो. पारवा नेमका कोणत्या खिडकीवर आहे हे पटकन कळत नाही. कोंबड्याचे उलट आहे. तो चोच पूर्ण उघडून आरवतो आणि त्याच्या डोक्याजवळ हा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो. स्वतःच्या आरवण्याने तो बहिरा कसा होत नाही, याचे उत्तर त्याच्या कानात आहे: चोच पूर्ण उघडताच कानाची नळी मिटते.

बेडकांकडे वळताना एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. पहिल्या जोरदार पावसानंतर खाचरात जो गोंधळ ऐकू येतो, तो बहुतांशी नरांचा असतो. त्या दिवसांत भारतीय बैल-बेडकाचे नर पिवळेधमक होतात आणि त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या दिसतात. बेडूक तोंड आणि नाकपुड्या बंद ठेवून ओरडतो. फुप्फुसातील हवा स्वरपट्ट्यांवरून या पिशवीत येते आणि पिशवीच्या ताणाने पुन्हा फुप्फुसात परत जाते. त्यामुळे प्रत्येक हाकेसाठी नवी हवा ओढावी लागत नाही आणि पिशवीच्या पातळ कातडीतून आवाज सभोवार पसरतो. एवढे करूनही हे काम त्याच्यासाठी अत्यंत श्रमाचे असते, म्हणून जो नर रात्री उशिरापर्यंत ओरडू शकतो तोच मादीच्या लेखी सशक्त ठरतो.

सापाला स्वरपट्ट्या नाहीत. त्याचा फुत्कार म्हणजे श्वासद्वारातून जोराने सोडलेली हवा. घोणस अंग फुगवून मोठा, लांबणारा फुत्कार देते. तो ऐकल्यावर जागीच थांबणे आणि ती कोठे आहे हे पाहून मागे सरणे हाच शहाणपणा आहे. फुरसे मात्र हवेचा वापर करत नाही. त्याच्या कुशीवरील खवले तिरके आणि करवती कण्याचे असतात. ते अंगाची वेटोळी एकमेकांना चिकटवून एकमेकांविरुद्ध सरकवते आणि त्या घर्षणातून कोरडी खरखर निघते. खडकाळ माळावर सरपण किंवा दगड गोळा करणाऱ्या माणसाने हा आवाज ओळखलाच पाहिजे, कारण फुरसे इतके लहान आणि मातकट असते की नजरेला दिसण्याआधी कानालाच सापडते. पाल चुकचुकते ती घशातून. सरपटणाऱ्या प्राण्यांत खरा कंठ असलेल्या मोजक्यांत तिची गणना होते.

कीटकांचे जग या सर्वांपासून वेगळे आहे. रातकिड्याच्या नराच्या पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूस एका शिरेवर बारीक दातांची ओळ असते आणि दुसऱ्या पंखाची कडा त्या दातांवरून फिरते. दर दातामागे एक कंपन होते, आणि पंखावरील एक पातळ, ताणलेला भाग ते वाढवून हवेत सोडतो. मातीत राहणाऱ्या रातकिड्यांचा सूर साधारण चार ते पाच हजार हर्ट्झचा असतो. कीटकांच्या शरीराचे तापमान हवेवर अवलंबून असल्यामुळे थंडीत स्नायू सावकाश चालतात आणि किरकिरीचा वेग उतरतो. अमेरिकेच्या एमस डॉल्बेअर यांनी १८९७ मध्ये या किरकिरीच्या वेगावरून तापमान काढण्याचे सूत्रच दिले. हिवाळ्यात निफाडचा पारा घसरतो त्या रात्री बागेतील किरकिर संथ होत जाते आणि शेवटी थांबते, हे प्रश्नकर्त्यांनीही अनुभवले असेल.

लहान किड्याच्या पंखांपुढे एक अडचण असते. पंख पुढे सरकला की त्याच्या एका बाजूला दाब वाढतो आणि दुसऱ्या बाजूला घटतो, आणि पंख लहान असल्यामुळे हे दोन्ही कडेवरून वळून एकमेकांना मारतात. झाडावर राहणाऱ्या एका भारतीय जातीच्या रातकिड्याने त्यावर केलेला उपाय मला फार विलक्षण वाटतो. नर पानाच्या मध्यभागी स्वतःच्या पंखांच्या मापाचे भोक कुरतडतो, त्यात डोके घालून पंख पानाच्या पातळीत उभे करतो आणि मग किरकिरतो. पान मध्ये आल्यामुळे पुढची आणि मागची कंपने एकत्र येत नाहीत आणि आवाज कितीतरी मोठा होतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानतुळशीच्या झुडपांवरील या कीटकाचा बारकाईने अभ्यास केला. ही युक्ती प्रामुख्याने लहान आणि कमी आवाजाचे नर वापरतात, आणि त्यामुळे त्यांना मोठ्या नरांच्या बरोबरीने माद्या मिळतात, असे त्यांना आढळले.

मे महिन्यात त्र्यंबकच्या रानात दुपारी जो कर्कश, सलग आवाज येतो तो रातकिड्याचा नसून सिकाडा या झाडावरील कीटकाचा असतो. त्याच्या पोटाच्या सुरुवातीस दोन्ही बाजूंना बरगड्यांसारख्या रेषा असलेला एकेक कडक पडदा असतो. आतला स्नायू ओढला की पडदा आत दबतो आणि सोडला की बाहेर येतो, आणि दर वेळी टिक असा आवाज होतो. नराचे पोट जवळजवळ पोकळ असल्यामुळे हा आवाज आत घुमून वाढतो. काही जातींत तो शंभर डेसिबलच्या वर जातो. डास आणि मधमाशी यांचा गुणगुणाट मात्र उडण्यातूनच होतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी साधारण ४०० आणि नर ६०० हर्ट्झवर पंख हलवतो, आणि एकमेकांजवळ आले की ते आपले वेग असे जुळवतात की तिच्या सुराची तिप्पट आणि त्याच्या सुराची दुप्पट एकाच ठिकाणी, १,२०० हर्ट्झवर येते. बागायतदारांसाठी याहून उपयोगाची गोष्ट टोमॅटोच्या फुलात घडते. टोमॅटोचे पराग बंद नळीत असतात आणि ते कंपनानेच सुटतात. काळा भुंगा आणि पोटावर निळे पट्टे असलेली रानमाशी फुलाला घट्ट धरून, पंख न फडकवता, उडण्याचे स्नायू थरथरवतात आणि फूल अक्षरशः वाजते. मधमाशीला हे जमत नाही. दिंडोरी-पिंपळगाव भागात टोमॅटो घेणाऱ्यांनी बांधावरचे वाळके लाकूड आणि मोकळी माती थोडीतरी राखावी, कारण हे दोन्ही कीटक तेथेच घर करतात.

माशांबद्दल थोडक्यात सांगतो. शिंगाळा वर्गातील मासे पकडल्यावर करकर करतात. छातीच्या पराच्या काट्याचा बुडखा खोबणीत घासल्याने तो आवाज होतो. समुद्रातील घोळ मासा आपल्या वाताशयाला, म्हणजे पाण्यात तरंगायला मदत करणाऱ्या हवेच्या पिशवीला, जोडलेल्या स्नायूंनी तो वाताशय थरथरवतो, आणि बाजारात प्रचंड भावाने विकला जाणारा घोळीचा ‘बोत’ म्हणजेच हा वाताशय होय. डॉल्फिन आणि दात असलेले देवमासे नाकाच्या मार्गातील ओठांसारख्या घड्यांनी आवाज काढतात.

आता पोपट आणि गाय. पोपट मोठ्या आणि मांसल जिभेचा वापर करून सिरिंक्समधून आलेल्या आवाजाला आकार देतो, हे खरे आहे. परंतु गाय बोलत नाही याचे कारण तिचा घसा नाही. माकडांच्या घशाचे क्ष-किरण चित्रण करून २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवले की त्यांच्या तोंडाच्या हालचालींतून समजण्याजोगे स्वर निघू शकले असते. अडते ते मेंदूपाशी. माणसात मेंदूच्या वरच्या थरापासून स्वरयंत्राच्या स्नायूंकडे थेट मज्जातंतू जातात, त्यामुळे ऐकलेला आवाज पुन्हा काढून पाहणे आणि सुधारणे शक्य होते. पोपट, गाणारे पक्षी आणि हमिंगबर्ड यांच्यात याच कामाची जोडणी स्वतंत्रपणे तयार झाली. सस्तन प्राण्यांत डॉल्फिन, सील, काही वटवाघळे आणि हत्ती आवाज शिकू शकतात. दक्षिण कोरियातील कोशिक नावाचा हत्ती सोंड तोंडात घालून काही कोरियन शब्द काढतो, हे २०१२ मध्ये नोंदवले गेले. वासरू मात्र दुसऱ्या गाईंपासून दूर वाढवले तरी वासरासारखेच हंबरते. त्याचा आवाज जन्मतःच ठरलेला असतो, आणि पशुवैद्यकाच्या दृष्टीने हे फार उपयोगाचे आहे, कारण ज्या आवाजात शिकण्यामुळे फरक पडत नाही, त्यात पडलेला फरक शरीरातूनच आलेला असतो.

सर्वच फरक आजाराचे नसतात. माजावर आलेली गाय वारंवार हंबरते आणि वासरू तोडलेली गाय दोन-तीन दिवस ओरडून घसा बसवून घेते. म्हशीत मुका माज असतो, म्हणजे ती न ओरडता माजावर येते. तेथे आवाजाची वाट पाहणाऱ्या मालकाचा वेताचा काळ वाया जातो, म्हणून सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) आणि लघवीची लक्षणे पाहावीत. वरातीच्या किंवा टांग्याच्या घोड्याने पळताना श्वास आत घेते वेळी घोरल्यासारखा आवाज केला, तर डाव्या स्वरपट्टीच्या मज्जातंतूचा विचार करावा. हा तंतू मेंदूकडून निघून छातीत उतरतो, महाधमनीखालून वळसा घेतो आणि पुन्हा मानेतून वर येतो. मार्ग इतका लांब असल्यामुळे मोठ्या घोड्यांत तो लवकर अशक्त होतो आणि डावी पट्टी बाजूला सरत नाही.

पावसाळ्यात एखाद्या म्हशीला एकदम मोठा ताप आला, गळ्याखाली गरम सूज आली आणि श्वासाची घरघर दूरवरून ऐकू येऊ लागली, तर तो घटसर्प हा गुरांचा जिवाणूजन्य आजार असण्याची दाट शक्यता असते. येथे तासांचा हिशेब असतो, सकाळची वाट पाहू नये. त्याची लस पावसाळ्याआधी टोचून घेतली, तर ही वेळ बहुधा येत नाही.

सर्वांत गंभीर बदल पिसाळण्याचा. रेबीजचा विषाणू मेंदूत पोहोचला की घशाच्या आणि स्वरयंत्राच्या स्नायूंचा लकवा सुरू होतो. कुत्र्याचे भुंकणे फाटलेले, ओढल्यासारखे होते. गाय-म्हैस कारण नसताना पुन्हा पुन्हा, घोगऱ्या आणि शेवटी तुटणाऱ्या आवाजात हंबरते, लाळ गाळते, पाणी पुढे ठेवले तरी गिळू शकत नाही आणि मागच्या पायांत लुळी पडते. अशा वेळी मालकाला वाटते की घशात काहीतरी अडकले आहे, आणि तो बाही वर करून तोंडात हात घालतो. हे कदापि करू नये. असे जनावर वेगळे बांधावे, त्याच्याजवळ मुलांना जाऊ देऊ नये आणि पशुवैद्यकाला बोलावताना आवाज बदलल्याचे आवर्जून सांगावे. लाळ हाताला लागली असेल, तर तो हात वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावा आणि चावा नसला तरी त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लसीबद्दल विचारावे, कारण हातावरची बारीक चीर किंवा नखाजवळचे सालपटही विषाणूला पुरते. जनावराला कुत्रा चावल्याचे लक्षणे दिसण्याआधीच लक्षात आले, तर जखम त्याच पद्धतीने धुऊन त्यालाही चाव्यानंतरची लस देता येते. लक्षणे सुरू झाल्यावर उपचार नाही.